तळमजला, खोली नंबर १६

मी पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे. गाव लातूर जिल्ह्यात, अहमदपूर तालुक्यात. बारा तासांची ड्युटी आणि आवक-जावक रजिस्टर, त्यामुळे वेळ आणि तारीख लिहून ठेवायची सवय हाताला लागली आहे. बायको आजारी पडली तेव्हाही मी एक दोनशे पानी वही घातली. खाली जे लिहितोय ते त्या वहीतूनच आहे.

अभिप्राय आहे एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाबद्दल. रुग्णालयाचं नाव देत नाही, बायकोचे उपचार अजून तिथंच चालू आहेत. विभाग म्हणजे तळमजल्यावर एक्स-रेच्या पुढची १६ नंबरची खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, फायलींचं एक लोखंडी कपाट आणि एक मॅडम. दारावर ‘वैद्यकीय समाजसेवा अधिकारी’ अशी पाटी. दोन वेळा मी त्या पाटीखालून गेलो आणि ती खोली माझ्यासारख्यासाठी आहे हे मला कळलंच नाही. म्हणून लिहितोय.

२०२३ च्या जूनमध्ये बायकोला दम लागायला लागला. ती चार घरी पोळ्या-भाजीची कामं करायची. लिफ्ट बंद पडली की चौथ्या मजल्यावर जाताना दोनदा बसायची. वस्तीतल्या डॉक्टरनं दम्याचं औषध दिलं. महिनाभर तेच घेतलं. शेवटी ती ज्यांच्याकडे कामाला होती त्या काकूंनीच सांगितलं, हृदयाचा फोटो काढा. १२ जुलैला त्या रुग्णालयात टू-डी एको झाला. डॉक्टर म्हणाले, डाव्या बाजूच्या मायट्रल व्हॉल्व्हचं, म्हणजे हृदयातल्या झडपेचं, तोंड चार ते सहा चौरस सेंटीमीटर असायला पाहिजे, हिचं एकाच्याही आत आलंय. नुसतं आकसलं असतं तर फुगा घालून उघडता आलं असतं, पण गळतीही होती. व्हॉल्व्ह बदलावा लागणार.

त्यांनी तिला विचारलं, लहानपणी घसा दुखून ताप यायचा का, सांधे सुजायचे का. ती म्हणाली, हो, पाचवीत असताना गुडघे एवढे सुजले होते की दोन महिने शाळेत गेले नाही, आजी निर्गुडीच्या पाल्यानं शेकायची. हाच तो संधिवाताचा ताप. घशातल्या जंतूंमुळे येतो, पाच ते पंधरा वयाच्या लेकरांना जास्त, आणि एका खोलीत सातआठ माणसं झोपतात तिथं जास्त. सांधे बरे होतात, हृदयाचा व्हॉल्व्ह मात्र हळूहळू खराब होत राहतो. त्या वेळी ओळखलं असतं तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देऊन हे टळू शकलं असतं. आता आमची दोन्ही लेकरं घसा दुखतोय म्हणाली की मी त्याच दिवशी दवाखाना गाठतो.

खिडकीवर अंदाजपत्रक मिळालं: तीन लाख वीस हजार. त्या कागदावर किंवा खिडकीवर कुणीही म्हणालं नाही की तळमजल्यावर १६ नंबरला जाऊन या. माझा पगार तेव्हा साडेचौदा हजार. आम्ही कागद घडी घालून घरी आलो आणि लिहून दिलेल्या गोळ्या चालू केल्या.

९ ऑगस्टच्या रात्री तिला आडवं होता येईना. बसूनही श्वास पुरेना, तोंडातून फेसासारखं यायला लागलं. रिक्षानं नेलं. इमर्जन्सीत डॉक्टरांनी लगेच ऑक्सिजन लावला, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी खिडकीवरच्या माणसानं वीस हजार अनामत मागितली, नाहीतर आयसीयूत बेड लावता येणार नाही म्हणाला. मी सोसायटीच्या सेक्रेटरी साहेबांना झोपेतून उठवलं. त्यांनी फोनवरून पैसे पाठवले. देव त्यांचं भलं करो.

सकाळी फरशी पुसणाऱ्या मावशींनी मला जिन्यात बसलेलं बघितलं आणि म्हणाल्या, “भाऊ, समाजसेवेच्या मॅडमला भेटलात का? दहाच्या आत जा, नंतर लई गर्दी होती.” अख्ख्या रुग्णालयात ही गोष्ट मला सांगणारं पहिलं माणूस त्या मावशी.

साडेनऊला गेलो तर माझ्या आधी अकरा जण. नंबर आला पाऊण वाजता. पहिली पंधरा मिनिटं मला मॅडमचा राग आला होता, हे खरं सांगतो. घर भाड्याचं का, भाडं किती, घरात टीव्ही आहे का, गाडी आहे का, गावाकडे जमीन किती, भाऊ काय करतो, सोनं गहाण आहे का. आत बायको नळ्या लावून पडलेली आणि ह्या मला फ्रीज विचारतात. मी म्हणालो, मॅडम, चोरी करून आलोय का मी? त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “दादा, मला सगळं माहीत असलं तर कुठला मार्ग तुम्हाला लागू पडतो ते बघता येतं. आणि ही माहिती मी वर पाठवल्याशिवाय वरचा माणूस सही करत नाही.”

त्यांच्या मागं एम. एस. डब्ल्यू., म्हणजे समाजकार्य, शिकणारी एक मुलगी बसली होती, ती नंतर बाहेर माझ्याशी बोलली. रुग्णालयात असं माणूस नेमायची पद्धत आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली सुरू झाली म्हणे. म्हणजे पाऊणशे वर्षं झाली आणि माझ्यासारख्यापर्यंत बातमी पोचली ती झाडूवाल्या मावशींकडून.

मला तोवर सगळे एकच वाटत होते, म्हणून इथं फोड करून सांगतो. रुग्णालयात टेबल टाकून बसलेला आरोग्यमित्र वेगळा. तो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा माणूस. ती योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली. आधी तिला राजीव गांधी जीवनदायी म्हणायचे, २०१७ पासून हे नाव. योजनेत बसणारं ऑपरेशन असेल तर आरोग्यमित्र नाव नोंदवतो, कागद वर जातात, मंजुरी आली की ऑपरेशनचे पैसे रुग्णालय तुमच्याकडून घेत नाही. त्या वेळी पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड लागायचं आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. जुलै २०२४ पासून मर्यादा पाच लाख झाली आहे आणि पांढऱ्या कार्डवाल्यांनाही योजना लागू आहे. चौकशीचा फुकट नंबर १५५३८८.

धर्मादाय सवलत ही दुसरी गोष्ट. जी रुग्णालयं ट्रस्टची आहेत त्यांना सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली ही योजना घालून दिली. बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढावी लागते. सध्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. आणि तातडीचा रुग्ण असेल तर अनामत न मागता दाखल करून घ्यायचं, तब्येत स्थिर होईपर्यंत उपचार द्यायचे, असा नियमच आहे. हे मला मॅडमनी सांगितलं तेव्हा रात्रीचे वीस हजार भरून झाले होते.

समाजसेवा अधिकारी या सगळ्यांच्या मध्ये असते. तिच्याकडे ना योजनेचा शिक्का, ना निधीची चावी. तुमचं घर बघून कुठल्या दारावर थाप मारायची ते ती सांगते, कागद लावून देते, आणि दार उघडेपर्यंत मागं लागते.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो.

११ ऑगस्टला मॅडम वॉर्डात आल्या. बायकोला खोलीबाहेरच्या बाकावर नेलं आणि मला म्हणाल्या, “दादा, तुम्ही चहा पिऊन या.” मी चहा पिऊन आलो, पुन्हा एकदा गेलो, तरी त्या दोघी बोलतच होत्या. पाऊण तास. डॉक्टरांना एकच प्रश्न पडला होता, गोळ्या चालू असताना फुप्फुसात एवढं पाणी झालं कसं. आम्ही रिकामी पाकिटं दाखवत होतो. मीच तर गोळ्या आणून देत होतो.

बायकोनं मॅडमना जे सांगितलं ते मला सांगितलं नव्हतं. पाणी कमी करायची जी गोळी होती, ती सकाळी घेतली की दोन तास सारखं लघवीला जावं लागतं. आणि ज्या चार घरी ती पोळ्या लाटायची, त्यातल्या तीन घरी कामवाल्या बाईला बाथरूम वापरू देत नाहीत. सोसायटीत खाली एक संडास आहे तो ड्रायव्हर-वॉचमनचा, त्याला आतून कडी नाही. म्हणून कामाच्या दिवशी ती गोळी घ्यायचीच नाही. पाकीट संपलेलं दिसावं म्हणून गोळी काढून पदराच्या टोकाला बांधायची आणि वाटेत टाकून द्यायची. फक्त रविवारी घ्यायची.

ज्या संडासाला कडी नाही, तिथं मी रोज जातो. कडी नाही हे मला तीन वर्षं माहीत होतं. माझ्या मनात कधी आलंच नाही.

मॅडमनी हे डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली, दुपारी तीनला, काम संपवून घरी आल्यावर. बस, एवढंच. तीन आठवडे वाया गेले, आयसीयू झालं, आणि इलाज होता घड्याळाचा काटा सहा तास पुढं सरकवायचा. तपासणीच्या कुठल्याही कागदावर हे आलं नसतं. मी त्या दिवशी टीव्ही-फ्रीजच्या प्रश्नांवर चिडलो होतो. त्याच प्रश्नांत एक प्रश्न होता, “बायको कामाला जाते तिथं तिला जेवायला, पाणी प्यायला, बाथरूमला मिळतं का?” मी घाईत ‘हो’ म्हटलं होतं. मॅडमनी माझ्या ‘हो’वर विश्वास न ठेवता तिला विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र या खोलीच्या मर्यादा दिसायला लागल्या. १२ ऑगस्टला शनिवारी संध्याकाळी डॉक्टरांनी डिस्चार्ज दिला. पण सवलतीच्या अर्जावर सही व्हायची होती, आणि १६ नंबर शनिवारी दुपारीच बंद होतं. रविवार सुट्टी. सोमवारी १४ तारखेला अकरा वाजता सही झाली. मधल्या दोन रात्रींचे खाटेचे पैसे बिलात धरलेच. एकूण बिल ५८ हजार ६००. आम्ही निर्धन गटात बसलो नाही. माझे साडेचौदा हजार आणि तिचे आठ, दोन्ही मिळून वर्षाचे २ लाख ७० हजार होतात. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या मेहुण्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, बायकोची कमाई लिहूच नका, कोण बघायला येतंय. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “खरं किती तेवढं लिहा. मी त्याच्याखाली लिहिते की ताई आता काम करू शकत नाहीत.” त्यांनी चार ओळी लिहिल्याही. पण दाखला गेल्या वर्षाच्या कमाईचा, आणि गेल्या वर्षी ती काम करत होती. वरून शेरा आला, दुर्बल घटक, निम्मं बिल. २९ हजार ३००. अनामत वजा जाऊन ९ हजार ३०० भरले.

या निर्णयाबद्दल मला अजून वाईट वाटतं. माणूस आजारी पडला की कमाई त्याच दिवशी थांबते, आणि दाखल्यात मात्र ती वर्षभर चालूच राहते. मॅडमनाही ते पटत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण सही त्यांची नव्हती.

मी गेटवरचा माणूस आहे. रात्री अकरानंतर पाहुण्यांची गाडी आत सोडायची नाही हा नियम कमिटीनं केलेला, शिव्या खातो मी. म्हणून मला त्या टेबलामागची बाई समजली. लोक त्यांच्यावर ओरडत होते, “तुम्ही मनात आणलं तर होईल मॅडम.” एक म्हातारे बाबा त्यांच्या पाया पडायला वाकले, त्या खुर्चीतून उठून मागं सरकल्या. माझ्यासमोर एका बाईला त्यांनी सांगितलं, या महिन्याचा निधी संपत आलाय, पुढच्या आठवड्यात यायला जमेल का. ती बाई म्हणाली, लेकरू पुढच्या आठवड्यापर्यंत थांबेल का ते तुम्हीच सांगा. मॅडमनी लगेच फोन उचलून दुसऱ्या ट्रस्टला विचारलं, मग तिसऱ्या. तिसरा फोन कुणी उचलला नाही. पुढचं मला माहीत नाही, माझा नंबर आला.

आणखी एक मर्यादा आहे, ती जरा अवघड आहे, पण सांगितलीच पाहिजे. मॅडमचा पगार रुग्णालय देतं. मी म्हणालो, रात्री अनामत घेतली ते नियमाविरुद्ध होतं असं मला लिहून द्या. त्यांनी दाराकडे बघितलं. म्हणाल्या, “लेखी मला देता येणार नाही, दादा. तुम्ही स्वतः अर्ज करू शकता.” आणि कागदाच्या कोपऱ्यावर धर्मादाय सह आयुक्त कार्यालय, ढोले पाटील रोड असं लिहून दिलं. मी अर्ज केला नाही. महिन्याभरानं त्याच रुग्णालयात बायकोची छाती उघडायची होती, माझी हिंमत झाली नाही. पण ज्याला ही अडचण नाही त्यानं जरूर करावा.

तो कागद माझ्याकडे अजून आहे. मी त्याला प्लास्टिक मारून घेतलंय. रुग्णालयाच्याच जुन्या फॉर्मच्या पाठीमागं निळ्या पेनानं लिहिलेला, सहा ओळींचा. पहिली ओळ: ‘ताईंचं नाव माहेरच्या कार्डातून कमी केल्याचा दाखला.’ कारण गडबड तिथंच होती. लग्नाला चौदा वर्षं झाली, दोन लेकरं झाली, आणि तिचं नाव अजून माहेरच्या रेशन कार्डात. आमच्या कार्डात आई, मी, भाऊ आणि दोन्ही लेकरं, फक्त ती नाही. आरोग्यमित्र म्हणाला, नाव नाही तर नोंदणी नाही. पुढच्या ओळी क्रमानं: आपल्या कार्डात नाव वाढवणं, आधारवरचं आडनाव जुळवणं, तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल, तहसीलचा दाखला, आणि शेवटी ‘सगळ्याच्या चार झेरॉक्स, मूळ प्रत कुणालाही द्यायची नाही’. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.

त्या क्रमानं गेलो म्हणून काम झालं. १६ ऑगस्टच्या रात्रीच्या गाडीनं निघालो. आधी सासुरवाडीला उदगीर, मग अहमदपूर. पुरवठा विभागातल्या बाबूनं दोनदा परत पाठवलं, एकदा सर्व्हर बंद होता. मी तिथून मॅडमना फोन केला. त्या त्या बाबूशी बोलल्या, काय बोलल्या माहीत नाही, पण त्यानं मला बसायला खुर्ची दिली. तरी ४ सप्टेंबर उजाडला. एवढे दिवस मी बिनपगारी होतो आणि बायको घरी उशांना टेकून बसून झोपत होती. पुण्यातल्या खोलीत बसलेल्या मॅडमचा हात तालुक्याच्या कचेरीपर्यंत एका फोनपुरताच पोचतो.

११ सप्टेंबरला दाखल केलं. १३ ला योजनेची मंजुरी आली. ऑपरेशनआधी दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं, किडलेला दात असेल तर त्यातून जंतू नव्या व्हॉल्व्हवर जाऊन बसतात म्हणे. दोन दाढा काढल्या. १८ ला हरतालिका होती, तिनं हट्टानं उपास धरला, नर्सबाई रागावल्या. त्याच दिवशी संमतीच्या कागदावर सही करायला ती तयार होईना. मला म्हणाली, “अहो, मी टेबलावरच गेले तर पोरीला कोण बघंल?” मी काय बोलणार. मॅडम आल्या. त्यांनी तिला समजावलं नाही, हे मी स्वतः बघितलं. त्यांनी विचारलं, पोरगी आत्ता कुणाकडे आहे, शाळेत जाते का, स्वयंपाक कोण करतं. मग आमच्या बारा वर्षांच्या लेकीला फोन लावून दिला. लेक म्हणाली, आई, मी भात लावलाय, दादूला पण खाऊ घातलं. बायको रडली आणि मग तिनं सही केली.

२० तारखेला ऑपरेशन झालं. बाहेर दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन चालू होतं, ढोलाचा आवाज वेटिंग हॉलपर्यंत येत होता. साडेपाच तास. व्हॉल्व्ह बसवला तो त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेनं विकसित केलेला, आपल्या देशातला. ३० तारखेला घरी आलो. ऑपरेशनसाठी आमच्याकडून एक रुपया घेतला नाही. रात्री सगळं शांत झालं की तिच्या छातीतून घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. पहिल्या रात्री धाकटा उठून बसला आणि भिंतीवरचं घड्याळ शोधायला लागला.

आता पुढचं. ऑपरेशन योजनेत झालं, पण धातूचा व्हॉल्व्ह म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. आणि ती गोळी कमीजास्त झाली की एक तर व्हॉल्व्हवर गुठळी नाहीतर अंगात रक्तस्राव. म्हणून रक्त किती पातळ आहे ते बघणारी आयएनआर नावाची रक्ततपासणी, आधी आठवड्याला, मग महिन्याला. आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायचा. मेथी-पालक एक दिवस भरपूर आणि चार दिवस बंद, असं केलं की आकडा हलतो, रोज सारखंच खायचं. गोळी स्वस्त आहे. तपासणीला आमच्याकडे दर वेळी साडेतीनशे लागतात, वर जाण्यायेण्याचं भाडं, वर माझा एक खाडा. हा खर्च कुठल्याच फायलीत बसला नाही. मॅडमनी दोन ठिकाणी पत्रं दिली, एका ठिकाणाहून सहा महिन्यांच्या तपासण्यांचे पैसे मिळाले, मग ते संपलं.

लेकीबद्दलही तेच. त्या वर्षी ती अडतीस दिवस शाळेत गेली नाही, घर तीच सांभाळत होती. मॅडमनी वर्गशिक्षिकेला फोन केला, बाईंनी वह्या पाठवल्या. त्याच्यापुढं रुग्णालयातल्या समाजसेविकेनं काय करावं? आमच्या घरी येऊन भांडी घासणं हे तिचं काम नाही, आणि ते करणारं दुसरं कुणी सरकारनं नेमलेलंही नाही.

जानेवारी २०२४ मध्ये मी १६ नंबरला फोन केला. दुसराच आवाज. पहिल्या मॅडमची नेमणूक करारावर होती, ती संपली. नव्या मॅडम चांगल्या आहेत. पण त्यांनी मला पहिल्यापासून विचारलं, घर भाड्याचं का, टीव्ही आहे का. फाईल कपाटात होती, तिच्यात उत्पन्न होतं, रेशन कार्ड होतं, बिलं होती. पदराला बांधलेल्या गोळीचं त्यात काही नव्हतं. ते पहिल्या मॅडमच्या डोक्यात होतं आणि त्यांच्याबरोबर गेलं. मी या वेळी चिडलो नाही, सगळं परत सांगितलं, आणि ते फाईलमध्ये लिहून घ्या म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं.

माझे पाचपैकी चार तारे. चार त्या खोलीतल्या माणसांना. एक कापलाय तो रुग्णालय चालवणाऱ्यांसाठी: एवढ्या मोठ्या रुग्णालयाला एकच बाई, तीही करारावर, रात्री आणि रविवारी कुणी नाही, आणि अंदाजपत्रकाच्या कागदावर १६ नंबरचा उल्लेख नाही. निदान तो एक शिक्का तरी मारा. शाईचा खर्च किती येतो?

ज्यांना जायचंय त्यांनी ऑपरेशनचा आकडा ऐकला की त्याच दिवशी जा, दाखल व्हायची वाट बघू नका. सकाळी नऊच्या आधी रांगेत उभे राहा. बायकोचं नाव तुमच्या रेशन कार्डात आहे का ते आज घरी जाऊन बघा, आजार नसला तरी बघा. विचारतील ते खरं सांगा. बायकोला विचारायचे प्रश्न असतील तर तिला स्वतः बोलू द्या, आणि तुम्ही चहा पिऊन या.

बायको आता दोन घरी कामाला जाते. सोसायटीतल्या खालच्या संडासाला मी स्वतः कडी बसवली, कमिटीला नंतर सांगितलं. मागच्या तपासणीत आकडा २.८ आला. पुढची तारीख १४ आहे, त्या दिवशी १६ नंबरलाही जायचंय. शेजारच्या वस्तीतल्या एका पोराच्या आईला बरोबर नेतोय. त्याच्या गुडघ्यांना सूज आहे आणि घसा दुखून गेलाय.